मुलाचा ईईजी बदलला, म्हणून त्याचा मेंदू मागे पडला का?

पत्राचा आशय: द्राक्षबाग असलेल्या एका शेतकरी कुटुंबातील आईने हे पत्र पाठवले आहे. त्यांचा मुलगा तेरा वर्षांचा असून आठवीत शिकतो. काही दिवसांपूर्वी शाळेत प्रार्थनेला उभा असताना त्याला चक्कर आली आणि तो खाली पडला; क्षणभरात तो शुद्धीवर आला. साडेचार वर्षांचा असताना त्याला तापात एकदा झटका आला होता. त्यामुळे डॉक्टरांनी खबरदारी म्हणून ईईजी, म्हणजे मेंदूतील विद्युत हालचालींचा आलेख, काढायला सांगितला. अहवालाचा निष्कर्ष ‘वयानुसार सामान्य’ असा आहे, पण मजकुरात ‘डोक्याच्या मागील भागात अधूनमधून संथ लहरी’ आणि ‘दीर्घ श्वसनानंतर लहरी संथ व उंच’ असे उल्लेख आहेत. लहानपणीचा ईईजी घरात जपून ठेवलेला होता. दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्यावर आईला दिसले की, झोपेतल्या लहरी तेव्हा उंच होत्या आणि आता बुटक्या झाल्या आहेत. त्यातच क्लासमधील एका पालकाच्या सांगण्यावरून वडिलांनी मुलाला ‘ब्रेन मॅपिंग’ करणाऱ्या एका केंद्रात नेले. तेथे रंगीत नकाशा दाखवून ‘थीटा लहरी जास्त आहेत, मेंदू वयाच्या मानाने मागे आहे’ असे सांगण्यात आले आणि न्यूरोफीडबॅकची, म्हणजे स्वतःच्या मेंदूच्या लहरी पडद्यावर पाहून त्या बदलायला शिकवण्याची, सत्रे सुचवण्यात आली. मुलगा रात्री साडेबारा-एकपर्यंत जागा असतो, सकाळी सातच्या शाळेसाठी त्याला उठवणे कठीण जाते, तो चिडचिडा झाला आहे आणि त्याचे गुण घसरले आहेत. आईने विचारले आहे: मेंदू दुबळा झाला आहे का? सत्रांचे पैसे भरावेत का? दहावी दोन वर्षांवर आली आहे, आता वेळ घालवला तर फार उशीर होईल का?

ताई,

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते: नाही. तुम्ही जे बदल वर्णन केले आहेत, त्यांपैकी एकही बदल मेंदू दुबळा झाल्याचे सांगत नाही. किंबहुना साडेचार वर्षांच्या मुलाचा आलेख तेराव्या वर्षी तसाच्या तसा राहिला असता, तर तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला पुन्हा बोलावून घेतले असते. मी मुलाला तपासलेले नाही आणि आलेखही पाहिलेला नाही, त्यामुळे ज्यांनी तो प्रत्यक्ष वाचला त्यांचा शब्द माझ्या शब्दापेक्षा वरचा आहे, आणि त्यांचा शब्द ‘वयानुसार सामान्य’ असा आहे. तुमची सगळी काळजी या दोन शब्दांपैकी ‘सामान्य’वर खिळली आहे आणि ‘वयानुसार’ हा शब्द नजरेतून सुटला आहे, असे मला पत्र वाचताना जाणवले. मुलांचा ईईजी वाचताना खरे काम त्या सुटलेल्या ‘वयानुसार’ या शब्दाचेच असते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

ईईजीमध्ये डोक्याच्या त्वचेवर चिकटवलेल्या तारा मेंदूच्या बाह्यस्तरातील चेतापेशींचे विद्युत दाब टिपतात. हे दाब अतिशय सूक्ष्म असतात आणि मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे व्होल्टच्या दहा लाखाव्या भागात, मोजले जातात. एकट्या पेशीचा दाब कवटीबाहेर पोहोचत नाही; हजारो-लाखो पेशी एकाच वेळी, एकाच तालात वर-खाली होतात तेव्हाच आलेखावर लहर उमटते. म्हणून लहरीची उंची ही बुद्धीची किंवा ताकदीची उंची नसते. किती पेशी एकमेकींशी जोडलेल्या आहेत आणि त्या किती एकसाथ हलत आहेत, याची ती खूण असते. लहरींना नावे त्यांच्या वेगावरून पडली आहेत: सेकंदाला चारपेक्षा कमी त्या डेल्टा, चार ते आठ त्या थीटा, आठ ते तेरा त्या अल्फा आणि त्याहून जलद त्या बीटा. या नावांत चांगले-वाईट काही नाही. गाढ झोपेत प्रौढ माणसाच्या मेंदूतही डेल्टा लहरीच असतात आणि त्या असायलाच हव्यात.

जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर यांनी 1924 मध्ये माणसाच्या मेंदूचा पहिला ईईजी टिपला आणि 1929 मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांनी ज्यांचे आलेख काढले त्यांत त्यांचा स्वतःचा मुलगाही होता. त्यानंतर थोड्याच वर्षांत, 1930 च्या दशकात, काही संशोधकांनी त्याच त्याच मुलांचे आलेख वाढत्या वयात पुन्हा पुन्हा काढले आणि मेंदूचा ताल वयाबरोबर वेगवान होतो, हे स्पष्ट झाले. जागे असताना डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या भागात एक ठळक लय दिसते. तीन-चार महिन्यांच्या बाळात ती सेकंदाला तीन ते चार असते, वर्षाच्या मुलात सहाच्या आसपास, तीन वर्षांच्या मुलात आठच्या आसपास, प्राथमिक शाळेच्या वयात नऊ, आणि किशोरवयात दहाच्या जवळ पोहोचून ती स्थिरावते. याचे कारण असे की, मेंदूच्या खोल भागातील थॅलॅमस आणि बाह्यस्तर यांच्यातील तंतूंवर मायलिनचे आवरण चढत जाते, त्यामुळे संदेश जलद धावतात आणि फेरा लवकर पूर्ण होतो. तुमच्या दोन अहवालांत ही लय कोठे नोंदवली आहे ते शोधून पाहा. जुन्या अहवालापेक्षा नव्या अहवालातील आकडा मोठा असण्याचीच शक्यता आहे. तुम्ही लहरींची उंची पाहिलीत आणि तिथे घट दिसली म्हणून घाबरलात. वेग वाढला असेल, तर तो त्याच कागदावर वाढीचा पुरावा म्हणून उभा आहे.

आता अहवालातील ज्या दोन वाक्यांनी तुमची झोप उडवली आहे, त्यांच्याविषयी. मागच्या भागातील जलद लयीत अधूनमधून एखादी संथ लहर मिसळलेली असणे हे शाळकरी वयाचे, विशेषतः आठ ते चौदा या वयाचे, परिचित आणि निरुपद्रवी लक्षण आहे. ईईजी वाचणाऱ्यांच्या परिभाषेत तिला ‘तारुण्यातील मागील संथ लहरी’ अशा अर्थाचे स्वतंत्र नावच आहे. ती डोळे उघडताच लयीसोबत नाहीशी होते आणि वाढत्या वयात आपोआप विरळ होत जाते. दुसरे वाक्य दीर्घ श्वसनाचे. तपासणीत मुलाला सुमारे तीन मिनिटे जोरजोरात श्वास घ्यायला लावतात. त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूतील रक्तवाहिन्या आकसतात आणि आलेखावर उंच, संथ लहरी येतात. मुलांमध्ये हा प्रतिसाद प्रौढांपेक्षा कितीतरी ठळक असतो. अहवाल लिहिणाऱ्या डॉक्टरांनी या दोन्ही गोष्टी नोंदवल्या, कारण जे दिसले ते लिहिणे हे त्यांचे काम आहे. आणि त्यांनी निष्कर्ष सामान्य लिहिला, कारण या गोष्टी त्या वयाला शोभणाऱ्या आहेत. असे अहवाल देताना दोन ओळी पालकांना समजतील अशा भाषेत लिहिण्याची पद्धत आपल्याकडे रूढ व्हायला हवी, असे मला मनापासून वाटते. अनेक आया तुमच्यासारख्याच रात्री-अपरात्री मोबाइलवर एकेक शब्द शोधत बसतात.

झोपेतील उंच लहरी बुटक्या झाल्या, हा तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, आणि तुमचे निरीक्षण अचूक आहे. लहान मुलाच्या गाढ झोपेत डेल्टा लहरी प्रचंड उंच असतात, कधी कधी दोनशे मायक्रोव्होल्टच्याही वर. साधारण अकरा-बारा वर्षांपर्यंत ही उंची टिकून राहते आणि नंतर ती झपाट्याने उतरते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील आयर्विन फाइनबर्ग आणि इयन कॅम्पबेल यांनी त्याच मुलांच्या झोपेचे आलेख वर्षानुवर्षे, त्यांच्या घरीच टिपले. अकराव्या वर्षापासून सोळा-सतराव्या वर्षापर्यंत गाढ झोपेतील डेल्टा लहरींची शक्ती साठ टक्क्यांहून अधिक कमी झाल्याचे त्यांना आढळले. ही सगळी निरोगी मुले होती. थीटा लहरींची घसरण त्याआधीच सुरू झालेली होती.

ही घट कशामुळे होते? सर्वाधिक मान्य असलेले स्पष्टीकरण असे की, बालपणात चेतापेशींमधील जोडण्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त तयार होतात आणि किशोरवयात त्यांतील कमी वापरल्या जाणाऱ्या जोडण्या काढून टाकल्या जातात. शिकागो येथील पीटर हुटेनलोकर यांनी 1979 मध्ये वेगवेगळ्या वयांत मृत्यू पावलेल्या व्यक्तींच्या मेंदूच्या पुढच्या भागातील जोडण्या मोजून दाखवले की, त्यांची घनता एक-दोन वर्षांच्या वयात कमाल असते आणि पौगंडावस्थेपर्यंत ती बरीच खाली येते. 1987 मध्ये लॉस एंजेलिस येथे हॅरी चुगानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेट स्कॅनने मेंदूचा साखरेचा वापर मोजला. साधारण चार ते नऊ वर्षांच्या मुलाचा मेंदू प्रौढाच्या जवळजवळ दुप्पट साखर जाळतो आणि सोळा-अठरा वर्षांपर्यंत हा खर्च प्रौढांच्या पातळीवर येतो, असे त्यांना दिसले. जोडण्यांची संख्या, साखरेचा वापर आणि झोपेतल्या लहरींची उंची हे तिन्ही उतार एकमेकांशी मिळतेजुळते आहेत, हे फाइनबर्ग यांनी फार आधी ओळखले होते. जोडण्या कमी, म्हणून एकसाथ हलणाऱ्या पेशींचा मेळ लहान, म्हणून लहर बुटकी. वाढत्या वयात कवटी जाड होण्याचाही त्यात थोडा वाटा आहे, पण एवढ्या मोठ्या उताराचे कारण म्हणून तो पुरत नाही.

तुमच्या घरी द्राक्षबाग आहे, तेव्हा छाटणीचे मर्म मी तुम्हाला सांगायला नको. एप्रिलची खरड छाटणी झाल्यावर बाग उघडी-बोडकी दिसते, पण ती बाग मेली असे कोणी बागायतदार म्हणत नाही. येणारा घड कोणत्या काडीवर धरायचा, ते त्या छाटणीने ठरायला लागते. मुलाच्या मेंदूतही छाटणीच चालू आहे. फरक एवढाच की इथे कात्री कोणाच्या हातात नसते. वारंवार वापरात येणारी जोडणी टिकते आणि न वापरलेली जाते. हे काम सगळीकडे एकाच वेळी होत नाही. झुरिक येथील सालोमे कुर्थ, रेटो हुबेर आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये दोन-अडीच ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींच्या झोपेचे आलेख डोक्यावर पुष्कळ तारा लावून काढले. गाढ झोपेतील संथ लहरींचा जोर लहानपणी डोक्याच्या मागच्या भागात असतो आणि वय वाढते तसा तो पुढे सरकत कपाळामागे पोहोचतो, असे त्यांना आढळले. पाहणे आणि हालचाल करणे ही कामे सांभाळणारे भाग आधी परिपक्व होतात; नियोजन, संयम आणि पुढचा विचार सांभाळणारा भाग सर्वांत शेवटी. तेरा वर्षांच्या मुलाच्या रागाला आवर कमी आणि वेग जास्त का, याचे एक उत्तर या क्रमात आहे.

यावरून मी तुमच्या पत्रामागील एका गृहीताकडे येते. लहर संथ म्हणजे मुलगा मंद, आणि लहर उंच म्हणजे मुलगा हुशार, असे तुम्ही आणि तुमचे यजमान दोघांनीही न बोलता धरून चालला आहात. केंद्रातील रंगीत नकाशा याच गृहीतावर उभा आहे. वस्तुतः एकाच वयाच्या दोन निरोगी मुलांच्या आलेखांत मोठा फरक असू शकतो. एखाद्या मुलाचा आलेख पाहून त्याला गणित जमेल की नाही, तो दहावीला किती गुण मिळवेल किंवा त्याचे मन अभ्यासात का नाही, हे कोणीही सांगू शकत नाही. ईईजी हा फिट, बेशुद्धी, मेंदूचा दाह, झोपेचे काही विकार अशा ठरावीक प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी फार मोलाचा आहे. त्याला न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या तोंडी घालणे चुकीचे आहे.

थीटा लहरींबद्दल तर एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. डोळ्यांवर झोप आली की थीटा लहरी वाढतात. मुलांत, किशोरांत आणि प्रौढांतही. तुमच्या पत्रानुसार तुमचा मुलगा रात्री एकला झोपतो आणि सकाळी सहाच्या सुमारास त्याला उठवावे लागते, म्हणजे त्याला जेमतेम पाच तास झोप मिळते. अशा मुलाला खुर्चीत शांत बसवून, डोळे मिटायला सांगून आलेख काढला, तर त्यात थीटा लहरी जास्त दिसणे हे अपेक्षितच आहे. त्यातून ‘मेंदू मागे आहे’ असे अनुमान काढण्याआधी आदल्या रात्री तो किती झोपला होता, एवढे तरी त्याला विचारले गेले होते का, हे यजमानांकडून जाणून घ्या.

थीटा आणि बीटा यांच्या गुणोत्तरावरून एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकण्यातील दोष, ओळखता येईल अशी आशा एकेकाळी खरोखर होती. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2013 मध्ये अशा एका यंत्राला, तेही डॉक्टरांच्या तपासणीला पूरक म्हणूनच, परवानगी दिली होती. पण त्याच वर्षी अनेक अभ्यास एकत्र तपासून संशोधकांनी दाखवले की हे गुणोत्तर विश्वासार्ह निदान करू शकत नाही, आणि 2016 मध्ये अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने नेहमीच्या वैद्यकीय तपासणीऐवजी ते वापरू नये असा सल्ला दिला. न्यूरोफीडबॅकची कहाणीही तशीच आहे. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका काटेकोर चाचणीत सात ते दहा वर्षांच्या एडीएचडी असलेल्या मुलांचे दोन गट केले होते. एका गटाला खरे न्यूरोफीडबॅक दिले आणि दुसऱ्याला हुबेहूब तसेच भासणारे खोटे. कोणाला काय मिळते आहे हे मुलांना, पालकांना आणि शिक्षकांना ठाऊक नव्हते. सुधारणा दोन्ही गटांत झाली आणि ती सारखीच झाली. क्लासमधील ज्या पालकांनी ‘आमच्या मुलात फरक पडला’ असे सांगितले, ते खोटे बोलत नसतील. नियमित वेळ, कोणीतरी दिलेले संपूर्ण लक्ष, कौतुक आणि वाढते वय या सगळ्यांनी फरक पडतो. तो फरक मिळवण्यासाठी एवढे पैसे मोजावे लागत नाहीत, एवढेच माझे म्हणणे आहे.

म्हणून सत्रांचे पैसे भरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आगाऊ रक्कम दिली असेल, तर लेखी अर्ज करून ती परत मागा. मात्र हे घरात सांगताना यजमानांना दोषी ठरवू नका. त्यांनी मुलाच्या काळजीपोटीच त्याला तेथे नेले, आणि छापील रंगीत नकाशासमोर भल्याभल्यांचा विवेक क्षणभर थांबतो. मुलाला खरोखर लक्ष केंद्रित करण्यात अडचण आहे अशी शंका असेल, तर तिसरा मार्ग आहे: बालरोगतज्ज्ञ किंवा बालमानसोपचारतज्ज्ञ यांच्याकडून रीतसर मूल्यमापन. एडीएचडीचे निदान घर आणि शाळा या दोन्ही ठिकाणच्या वागण्याच्या सविस्तर माहितीवरून होते, आणि त्याची लक्षणे बाराव्या वर्षाच्या आधीपासून असावी लागतात. सहावीपर्यंत ज्याच्या शिक्षकांनी तक्रार केली नाही आणि ज्याचे चित्त आठवीत, कमी झोपेच्या काळात, प्रथमच विचलित झाले, त्याच्याबाबत आधी झोपेकडे पाहावे.

त्याआधी एक राहून गेलेली तपासणी. उभ्या उभ्या चक्कर येऊन पडलेल्या मुलाचा ईईजी निघाला, पण हृदयाचा कार्डिओग्राम निघाल्याचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही. या वयात उपाशीपोटी, उन्हात किंवा फार वेळ उभे राहिल्यावर येणारी चक्कर बहुतेक वेळा साधी असते: रक्तदाब क्षणभर उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, घाम फुटतो आणि आडवे होताच मूल सावरते. तरीही कार्डिओग्राम एकदा काढून घ्यावा. तो स्वस्त आहे आणि तालुक्याच्या ठिकाणीही होतो. पळताना किंवा खेळताना शुद्ध हरपली असेल, आधी छातीत धडधड झाली असेल, किंवा कुटुंबात कोणाचा तरुण वयात अचानक मृत्यू झाला असेल, तर मात्र विलंब न करता हृदयरोगतज्ज्ञांकडे जावे. आणि मुलाला सकाळी पाणी पिऊन, काहीतरी खाऊनच शाळेत पाठवावे.

आता झोप. किशोरवयात मेंदूचे दिवस-रात्रीचे घड्याळ पुढे सरकते. झोपेचा संकेत देणारे मेलाटोनिन रात्री उशिरा वाढू लागते. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या मेरी कार्सकॅडन यांनी अनेक दशके या विषयावर काम केले आहे. त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: जागे राहिल्याने मेंदूत झोपेचा जो दाब साठत जातो, तो मोठ्या किशोरांत लहान मुलांपेक्षा सावकाश साठतो. म्हणून तेरा-चौदा वर्षांचा मुलगा रात्री अकरालाही टक्क जागा राहू शकतो. तो जागा राहू शकतो, याचा अर्थ त्याची झोपेची गरज कमी झाली असा होत नाही. तेरा ते अठरा या वयाला रोज आठ ते दहा तास झोप हवी, अशी अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनची 2016 पासूनची शिफारस आहे. तुमच्या मुलाला त्याच्या निम्मीच मिळत आहे. चिडचिड, विसराळूपणा, वर्गात पेंगणे आणि गुणांची घसरण यांतील किती भाग निव्वळ या तुटीचा आहे, हे ती भरून काढल्याशिवाय कळणार नाही.

हे घडवायचे कसे? रात्री एकला झोपणाऱ्याला एकदम दहाला झोपायला लावले तर तो अंथरुणात तळमळत पडेल. दर दोन-तीन दिवसांनी पंधरा-वीस मिनिटे अलीकडे आणा. सकाळी उठल्याबरोबर त्याला उजेडात न्या. बागेत एक फेरी मारून आला तरी पुरे, कारण सकाळचा प्रकाश त्या घड्याळाला मागे ओढतो. रात्री झोपण्याआधीच्या तासात मोबाइल त्याच्या खोलीबाहेर राहू दे, आणि हा नियम घरातील मोठ्यांनाही लागू असू दे, नाहीतर तो टिकणार नाही. संध्याकाळी सहानंतर चहा-कॉफी नको. रविवारी त्याला उशिरा उठू द्या, पण दुपारी बारापर्यंत नको. दीड-दोन तासांहून अधिक फरक पडला की सोमवारी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. त्याचा क्लास रात्री नऊला सुटत असेल, तर तो संध्याकाळच्या आधीच्या तुकडीत हलवता येतो का, हे विचारा. जमत नसेल तर एखादा विषय क्लासमधून काढून घरी करावा. मला ठाऊक आहे की दहावीच्या तोंडावर हे सांगणे अनेक पालकांना पटत नाही, पण शिकलेले स्मरणात पक्के होण्याचे काम झोपेत चालते, आणि झोप कापून वाढवलेले तास हिशेबात तोट्याचेच ठरतात.

शाळेच्या वेळेविषयीही दोन शब्द. तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांच्या सूचनेनंतर महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय घेतला. लहानग्यांसाठी तो चांगलाच आहे. पण ज्या वयात घड्याळ निसर्गतःच पुढे सरकते, ते वय माध्यमिक शाळेचे आहे, आणि त्यांची सातची घंटा तशीच राहिली. अमेरिकन बालरोग अकॅडमीने 2014 मध्ये माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरू नयेत असे सुचवले, आणि कॅलिफोर्निया राज्याने 2022 पासून वरच्या वर्गांसाठी तसा कायदाच लागू केला. दोन पाळ्यांत चालणाऱ्या आपल्या शाळांना हे सोपे नाही, हे मान्य आहे. तरी पालक-शिक्षक सभेत आठवी ते दहावीचे वर्ग दुपारच्या पाळीत घेता येतील का, हा प्रश्न मांडायला काय हरकत आहे? तुमच्या मुलासारखी निम्मी वर्गसंख्या पहिल्या तासाला पेंगत असणार.

हे सदर वाचणाऱ्या इतर पालकांसाठी एक गोष्ट येथेच नोंदवते. काही पालकांच्या हाती पडणाऱ्या अहवालात संथ लहरींऐवजी ‘तीक्ष्ण’ किंवा ‘अपस्मारसदृश’ लहरी असे शब्द असतात. त्यांनीही लगेच धीर सोडू नये. इटलीत 1980 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सहा ते तेरा वर्षांच्या साडेतीन हजारांहून अधिक निरोगी मुलांच्या अभ्यासात सुमारे साडेतीन टक्के मुलांच्या आलेखात अशा लहरी आढळल्या, आणि त्यांतील बहुसंख्य मुलांना पुढे कधी फिट आली नाही. औषध आलेखाला नव्हे, मुलाला द्यायचे असते, म्हणून त्या लहरींचा अर्थ मुलाच्या लक्षणांसह मेंदूविकारतज्ज्ञांनीच लावावा. याउलट काही लक्षणे दिसली, तर आधीचा ईईजी सामान्य असला तरी पुन्हा डॉक्टरांकडे जावे. बोलता बोलता किंवा जेवता जेवता मूल दहा-वीस सेकंद शून्यात पाहते आणि हाक ऐकत नाही, असे दिवसातून अनेकदा होणे. सकाळी उठल्यावर हातांना अचानक हिसके बसून ब्रश किंवा कप हातातून उडणे, विशेषतः जागरणानंतर. किशोरवयात सुरू होणाऱ्या एका प्रकारच्या अपस्माराची ती खूण असते आणि घरात ‘धांदरटपणा’ म्हणून ती वर्षानुवर्षे दुर्लक्षिली जाते. झोपेत अंग ताठ होणे किंवा अंथरूण अचानक ओले होऊ लागणे. आधी येत असलेल्या गोष्टी येईनाशा होणे. हिसक्यांचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ डॉक्टरांना शंभर वर्णनांपेक्षा अधिक सांगतो.

तुमच्या मुलाच्या चिडचिडीकडे झोप सुधारल्यानंतर पुन्हा एकदा पाहा. ज्या वर्षांत मेंदूची ही मोठी फेररचना होते, त्याच वर्षांत अनेक मानसिक आजार प्रथम डोके वर काढतात. फाइनबर्ग यांनी स्किझोफ्रेनियाचा संबंध या छाटणीतील बिघाडाशी असावा, असे 1980 च्या दशकाच्या सुरुवातीलाच मांडले होते. हे मी घाबरवण्यासाठी लिहीत नाही. बहुतेक मुले या वर्षांतून सुखरूप बाहेर येतात. पण सलग दोन आठवडे उदासी, मित्रांना टाळणे, आवडता खेळ सोडून देणे, कोणीतरी आपल्यावर पाळत ठेवते असे वाटणे, किंवा जगण्यात अर्थ नाही असे उद्गार, यांतील काहीही दिसले तर वय म्हणून सोडून देऊ नका. भारत सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे, दिवसरात्र चालतो आणि तेथे मराठीतून बोलता येते.

‘उशीर होईल का’ या तुमच्या प्रश्नाला मी वेगळ्या दिशेने उत्तर देते. मेंदूची ही घडण दहावीच्या परीक्षेला संपत नाही. ती विशीतही चालू असते. या दोन वर्षांत काहीतरी कायमचे बंद होणार आहे, ही भीती तुम्हाला विकण्यात आली आहे. घाई एकाच बाबतीत करा, आणि ती मुलाशी बोलण्याची. तुम्ही लिहिता की, नकाशा दाखवून त्याच्यादेखतच ‘मेंदू मागे आहे’ असे सांगितले गेले आणि त्या दिवसापासून तो पुस्तक उघडताना ‘माझा मेंदूच तसला आहे’ असे म्हणतो. लहरींच्या उंचीपेक्षा मला या वाक्याची अधिक काळजी वाटते. दोन्ही ईईजी त्याच्यासमोर ठेवा, वेगाचे आकडे त्यालाच शोधू द्या, आणि तेराव्या वर्षी असेच दिसायला हवे हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगा. झोपेची वेळ अलीकडे आणण्याचा बेतही त्याच्याबरोबर बसून ठरवा. त्या वेळी यजमानही तेथे असावेत; केंद्रातून घरी परतताना त्यांनीही तेच वाक्य उच्चारले होते, असे तुमच्या पत्रात आहे, तेव्हा ते मागे घेणे मुलाला त्यांच्या तोंडून ऐकू यायला हवे.